पडक्या जागीं भर घालणारे

शास्त्रपाठ : यशया ५८ : १-१२ व नहेम्या, अध्याय ३ व ४.



यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायांत देव आपल्या लोकांना एक नांव देऊं करतो. तें नांव राजाचें नव्हे, सेनापतीचें नव्हे, पंडिताचेंही नव्हे. पडक्या जागीं भर घालणारे आणि मोडलेल्या वाटा पुन्हां चालत्या करणारे म्हणून लोक तुम्हांस ओळखतील, एवढेंच तो सांगतो. गवंड्याच्या व रस्त्यावरील मजुराच्या कामाला देवानें इतका मान कां द्यावा, हें ज्यानें महापूर पाहिला नाहीं त्याला कदाचित् समजणार नाहीं. कृष्णाकांठच्या माणसाला तें समजावून सांगावें लागत नाहीं. पाणी उतरलें आहे, घरांत गुडघाभर गाळ आहे, विहिरींत मेलेलें कुत्रें आहे, पुलाच्या तोंडाशीं वाहून आलेल्या झाडांचा ढीग आहे, आणि पलीकडच्या गांवीं आई आजारी आहे. अशा वेळीं वाट मोकळी करणारा मनुष्य देवानें पाठविलेलाच वाटतो.

दर वर्षीं पावसाळा येतो, आणि त्याबरोबर आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत जुनी भीति जागी होते. म्हणून मागें काय घडलें तें आठवून, पुढें आपलें कर्तव्य काय, हें देवाच्या वचनाच्या उजेडांत पाहूं या.

कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. कराडास तिला कोयना मिळते, ब्रह्मनाळास येरळा मिळते, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. साताऱ्याच्या डोंगरांवर जें आकाशांतून पडतें, तें अशा रीतीनें सांगलीच्या उंबरठ्याशीं येऊन उभें राहतें. २००५ सालच्या पुराहून मोठा पूर आतां येणार नाहीं असें पुष्कळांनीं गृहीत धरिलें होतें. परंतु २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं, जेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी मानितात, तेथें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. सांगली शहराचे मोठे भाग बुडाले. पलूस, वाळवा, शिराळा व मिरज या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं. ता. ८ ऑगस्ट रोजीं ब्रह्मनाळास लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली, आणि बारांहून अधिक जीव गेले. पुढें दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलै महिन्यांत, महाबळेश्वरीं चोवीस तासांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें डोंगराचा भाग खचून घरांवर आला. आणि सांगलीस नदी पुन्हां ५० फुटांच्या वर चढली.

अशा संकटानंतर कोणी ना कोणी विचारतो कीं, हें कोणाच्या पापाचें फळ? प्रभु येशूला असाच प्रश्न पडणारे लोक भेटले होते. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं असें म्हणण्यास त्यानें साफ नकार दिला, आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविलें. म्हणून ब्रह्मनाळच्या किंवा आंबेघरच्या मृतांविषयीं कोणीही ख्रिस्ती मनुष्यानें तोंडावाटे असला शब्द काढूं नये. अतिवृष्टि, धरणांतून सोडावें लागलेलें पाणी, आणि नदीच्या हद्दींत वाढलेलीं बांधकामें, यांची चर्चा जाणत्यांनीं केली आहे व ती व्हावयास पाहिजेच. आपणांपुढें मात्र प्रश्न असा आहे कीं, पाणी उतरल्यावर देवाचे लोक कोठें असतील आणि त्यांच्या हातांत काय असेल?

प्रथम वाटेचा विचार करूं. २०१९ सालीं पुणें-बंगळूर हमरस्ता कोल्हापूरजवळ शिरोलीपाशीं पाण्याखालीं गेला, आणि जवळ जवळ आठवडाभर वाहतूक खुंटली. मालगाड्यांच्या रांगा सातारा जिल्ह्यापर्यंत उभ्या राहिल्या. मिरजेहून कोल्हापुरास जाणारी आगगाडी थांबली. एस. टी. थांबली. दूध होतें, पण तें डेअरीस पोहोंचेना. औषध होतें, पण तें रोग्यास पोहोंचेना. पाणी कांहींसें ओसरल्यावर रस्ता प्रथम उघडला तो अशाच जीवनावश्यक वस्तूंच्या गाड्यांसाठीं. त्या दिवसांत धान्याच्या कोठारापेक्षां वाटेचें मोल अधिक आहे, हें सर्वांस कळून आलें. देणाऱ्याच्या मनांत दया पुष्कळ असेल, पण ती दया घेऊन जाणारी वाट नसेल तर भुकेल्याची भूक तशीच राहते. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण मुलांना शिकवितों. त्या मनुष्याला कळवळा आला, त्यानें जखमा बांधिल्या; परंतु त्याचें जनावर, चालती वाट आणि वाटेवरची उतारशाळा हीं नसतीं, तर तो जखमी मनुष्य तेथेंच पडून राहिला असता. प्रीतीला वाट लागते. वाट तुटली म्हणजे माणूस मिळेल त्या नावेंत चढतो, आणि ब्रह्मनाळास जें झालें तें होतें.

वाट दोन्ही बाजूंनीं चालते हेंही विसरूं नये. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहर पाण्यावांचून तळमळत होतें, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी गेलें. तीन वर्षांनीं तेंच कृष्णेचें पाणी आपल्या घरांत शिरलें, तेव्हां दुष्काळी मुलखांतूनही आपल्याकडे भाकरी आली. जत, आटपाडी, माण या तालुक्यांत त्या वेळीं कित्येक ठिकाणीं पिण्याचें पाणी टँकरनेंच येत होतें. तरी तेथील माणसांनीं आपल्या चुलीवरचें पाठविलें. ज्याच्या घरीं पाणी नाहीं तो बुडणाऱ्याला जेवूं घालतो, ही गोष्ट आपण पुढच्या पिढीस सांगितली पाहिजे.

आतां देवाच्या वचनांतून तीन गोष्टी घेऊं.

पहिली गोष्ट : आधीं गाळ, मग भिंत. नहेम्याच्या चौथ्या अध्यायांत यरुशलेमाचा कोट बांधणारे लोक थकून गेलेले दिसतात. बाहेर शत्रु होते हें खरें, पण त्यांची पहिली तक्रार कचऱ्याच्या ढिगांविषयीं आहे. ओझें वाहणारे थकले, राडारोडा संपेना, आणि तो निघाल्यावांचून कोट चढेना. पुरानंतर आपल्या गांवांतही असेंच होतें. मोठमोठीं माणसें येतात, नवीं घरें, नवा पूल यांविषयीं बोलतात. आणि गल्लींतला गाळ तसाच राहतो. गाळ ओला असतां फावड्यानें निघतो. चार दिवस ऊन लागलें कीं तो विटेसारखा घट्ट होतो. म्हणून आरंभ लवकर करावा. आधीं विजेचा प्रवाह बंद असल्याची खात्री करून घ्यावी. मग गल्लीच्या मधोमध एवढी वाट मोकळी करावी कीं पाण्याचा टँकर, दवाखान्याची गाडी व म्हातारें माणूस जाऊं शकेल. मग घरें आंतून बाहेर साफ करीत यावें. गाळ गटारांत लोटूं नये. जो लोटतो तो पुढच्या सरीला तोच गाळ शेजाऱ्याच्या घरांत पाठवितो. विहीर उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, आरोग्यसेवकानें सांगितल्यावरच तिचें पाणी प्यावें. तोंवर उकळलेलें पाणी घ्यावें. पायाला चीर असतां अनवाणी चिखलांत जाऊं नये, कारण उंदरांच्या व गुरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टो नांवाचा घातक ताप अंगांत शिरतो. मेलेलीं जनावरें विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यांत, चुना टाकून पुरावीं. हें सर्व बोलणें उपदेशाच्या बाहेरचें आहे असें कोणास वाटेल. मोशेच्या नियमशास्त्रांत छावणीबाहेर खड्डा करून घाण झांकण्याचा नियम आहे, आणि त्याचें कारण असें दिलें आहे कीं देव त्या छावणींतून चालतो. ज्या गल्लींतून देव चालतो ती स्वच्छ करणें ही उपासनाच आहे.

दुसरी गोष्ट : ज्यानें त्यानें आपल्या घरासमोर, आणि मग त्याच्याही पुढें. नहेम्याचा तिसरा अध्याय हा नुसत्या नांवांची यादी म्हणून पुष्कळ जण वाचावयाचा टाळतात. परंतु ती कामकऱ्यांची यादी आहे, आणि देवाच्या ग्रंथांत ती राखून ठेविलेली आहे. त्यांत सर्वांत आधीं मुख्य याजक व त्याचे भाऊ कामास उठतात. सोनार आहे, सुगंधी द्रव्यें करणारा गांधी आहे, व्यापारी आहेत. शल्लूम नांवाचा एक अधिकारी आहे, आणि त्याच्या मुली त्याच्याबरोबर कोट दुरुस्त करीत आहेत. कित्येकांविषयीं लिहिलें आहे कीं त्यांनीं आपआपल्या घरासमोरचा भाग बांधिला. आणि एक गोष्ट लाज वाटण्याजोगी लिहिली आहे : तकोवच्या सरदारांनीं या कामाला मान वांकविली नाहीं. त्यांचें नांवही दिलेलें नाहीं. त्यांची ताठ मान तेवढी लिहिली आहे. परंतु त्याच अध्यायांत पुढें पाहिलें तर तकोवच्या साध्या लोकांनीं आपला एक भाग संपवून दुसराही भाग बांधिला. सरदार आले नाहींत म्हणून ते रुसून बसले नाहींत. अशा लोकांच्या हातून तो कोट बावन्न दिवसांत पुरा झाला.

बंधूंनो, सरकार आपलें काम करील व तें त्यानें केलेंच पाहिजे. तें मागण्यास भिऊं नये. परंतु तहसील कचेरीची गाडी येईपर्यंत आपल्या दारांतला गाळ सरकारी मानून बसणें हें देवाच्या लोकांस शोभत नाहीं. तसेंच आपलें दार झाल्यावर फावडें धुऊन ठेवणेंही शोभत नाहीं. शेजारीं विधवा एकटी आहे, तिचें दार कोण काढील? उपासनामंदिराची फरशी चकचकीत झाली आणि पलीकडच्या वस्तीची वाट चिखलांत राहिली, तर त्या मंदिरांतली उपासना देवाला कशी रुचेल? शेजारी कोणत्या देवळांत जातो हें शोमरोन्यानें विचारलें नाहीं. मदतीची यादी करतांनाही मंडळीचा व बाहेरचा असा भेद नसावा. आणि ज्याच्या नांवावर घर नाहीं, जमीन नाहीं, जो भाड्याच्या खोपटांत राहतो, त्याचा पंचनामा मागें राहतो. म्हणून ज्यांना लिहितां वाचतां येतें त्यांनीं अशांच्या बरोबर तलाठ्याकडे जावें.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे : जूं मोडल्यावांचून वाट नीट होत नाहीं. यशयाच्या या अध्यायाचा क्रम नीट पाहा. वाटा नीट करणाऱ्यांचें नांव बाराव्या वचनांत मिळतें, पण त्याच्या आधीं सहाव्या वचनांत देव विचारतो कीं, दबलेल्यांचें जूं मोडणें हाच मला आवडणारा उपास नव्हे काय? आधीं जूं, मग वाट. हा क्रम उलटा करून चालत नाहीं.

गांवांत मेलेलें ढोर ओढण्याचें काम पिढ्यान् पिढ्या कोणाच्या माथीं होतें, हें आपणांस सांगावयास नको. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजोबांच्या खांद्यावर तो दोर होता. १९२७ सालच्या महाडच्या परिषदेंत, डॉ. आंबेडकर अध्यक्षस्थानीं असतां, ज्याचें जनावर त्यानेंच त्याची विल्हेवाट लावावी अशी मागणी झाली. राज्यघटनेनें अस्पृश्यता बंद केली; १९५८ च्या कायद्यानें गांवकीचीं कनिष्ठ वतनें गेलीं; आणि २०१३ च्या कायद्यानें हातानें मैला उचलावयास लावणें हा अपराध ठरविला. असें असूनही पूर ओसरल्यावर, नाकाला पदर लावून उभें राहिलेलें गांव कोणत्या वस्तीकडे बघूं लागतें? २०१९ सालीं सांगलीची घाण काढण्यास मुंबई, पुणें अशा शहरांतून सफाई कामगार आले. आपल्याच घरचें काम समजून ते राबले, आणि त्यांच्यामुळें रोगराईस आळा बसला. त्यांचे आभार मानावे तितके थोडे. परंतु आपल्या देशांत झाडू अजून बहुधा कोणत्या घरांतल्या हातांत असतो, हें आपण जाणतों. आणि हातमोजे, बूट व पुरती मजुरी यांवांचून त्याला चिखलांत उतरविणें हें जुनेंच जूं नव्या रंगानें रंगविणें होय.

येथें आपल्यापुढें दोन मोह आहेत. एक जण म्हणतो, ‘तें काम आम्हीं सोडलें. आमच्या बापजाद्यांनीं फार सोसलें. आतां ढोर कुजो, वाट बंद राहो, आम्ही हात लावणार नाहीं.’ त्याच्या रागाला कारण आहे, आणि जो त्याला हुकूम करण्यास येतो त्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. दुसरा जण शिकला, नोकरीस लागला; तो दारांत उभा राहून म्हणतो, ‘कोणाला तरी बोलावून आणा.’ ज्या जुंवाखालून त्याचा बाप सुटला, तेंच तो आतां दुसऱ्याच्या मानेवर ठेवूं पाहतो. पहिल्याच्या रागाची जागा समजते. दुसऱ्याची दशा मात्र तकोवच्या सरदारांची आहे.

यांतून मार्ग आपल्या प्रभूनें दाखविला आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळीं तो उठला, कंबरेस रुमाल बांधिला, आणि शिष्यांचे मळलेले पाय धुतले. योहान लिहितो कीं, आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों हें ठाऊक असतां त्यानें हें केलें. त्याला कोणीं भाग पाडलें नव्हतें. तो सर्वांचा गुरु होता. कोणीं तरी गळ्यांत अडकविलेला दोर निराळा, आणि आपण होऊन कंबरेस बांधिलेला रुमाल निराळा. काम एकच दिसेल, पण एकांत दास्य आहे व दुसऱ्यांत प्रीति आहे. आणि प्रभूनें पाय धुऊन झाल्यावर, ‘यापुढें माझे पाय धुवावयास एक नेमलेला मनुष्य ठेवा,’ असें सांगितलें नाहीं; एकमेकांचे धुवा असें सांगितलें. एकमेकांचे, हा शब्द नीट लक्षांत ठेवा.

यावरून एक सोपी कसोटी सांगतों. मेलेला बैल ओढावयाचा आहे. दोराचें एक टोंक पाटलाच्या मुलाच्या हातीं आहे, दुसरें मास्तरांच्या हातीं आहे, आणि मध्यें आपलेही हात आहेत. तर ती सेवा आहे, आनंदानें करा. परंतु सगळा दोर एकाच वस्तीच्या हातीं आहे, आणि बाकीचे ओट्यावर उभे राहून बोटानें जागा दाखवीत आहेत. तर तें जूं आहे. तेथें नम्रपणें पण ठामपणें म्हणा, ‘दादा, खालीं या, दोराला हात लावा, म्हणजे आपण मिळून ओढूं.’ एवढें बोलण्याचें धैर्य देव देवो. ज्या गांवांत तो एक मनुष्य ओट्यावरून खालीं उतरेल, त्या गांवांत त्या दिवशीं रस्त्याबरोबर आणखीही एक वाट मोकळी होईल, जी हजार वर्षें बंद होती. पुराचें पाणी सर्व घरांत सारखें शिरतें. गाळाला उंच आळी व खालची आळी कळत नाहीं. पुरानें जें सारखें केलें तें आपण फावड्यानें पुन्हां वेगळें करूं नये.

आतां उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस कांहीं शब्द. पाऊस लागण्यापूर्वींच गांवच्या पंचायतीबरोबर बसा. फावडीं, घमेलीं, दोरखंड, कंदील, चुना व ब्लीचिंग पावडर हीं उंच जागीं ठेवा. गांवांतील म्हातारीं, गरोदर बाया, पांगळीं व आजारी माणसें यांचीं नांवें लिहून ठेवा, आणि त्यांना आधीं कोण बाहेर काढील हें नेमा. नावेंत किती माणसें बसावयाचीं हें कोरड्या दिवशींच ठरवा. पाणी दारीं आल्यावर कोणी मोजत नाहीं. डोंगराखालीं राहणाऱ्यांनीं जमिनीस नवी भेग दिसली किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें तर रात्र तेथें काढूं नये. पूर उतरल्यावर पुलावरून जाण्याची घाई करूं नये. वरून डांबर धड दिसतें, आणि खालचा भराव वाहून गेलेला असतो. महाबळेश्वराच्याच डोंगरांत उगम पावणाऱ्या सावित्री नदीवरील महाडजवळचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं कोसळला, आणि अंधारांत एस. टी. च्या दोन गाड्या माणसांसह नदींत गेल्या. म्हणून जाणत्या माणसानें पूल तपासल्यावांचून गाडी घालूं नका, आणि दोन्ही तोंडांशीं कोणी तरी उभा करा. रात्रीं पुलाच्या तोंडाशीं कंदील घेऊन उभा राहणारा तरुण हाही पडक्या जागीं उभा राहणाराच आहे. त्याची रात्र व्यर्थ गेली असें देवाच्या घरीं मानीत नाहींत.

आपल्या मंडळ्या लहान आहेत, आणि आपल्याजवळ पैसा थोडा आहे. परंतु देवानें जें नांव देऊं केलें आहे तें पैशानें मिळत नाहीं. तें मिळतें जूं मोडल्यानें, भुकेल्याला आपली भाकरी वांटून दिल्यानें, आणि मग फावडें उचलल्यानें. पुढें कधीं पूर आला व ओसरला, तर आपल्या गांवच्या लोकांनीं आपल्याविषयीं एवढेंच म्हणावें : हे लोक सर्वांच्या आधीं आले, सर्वांच्या बरोबर राबले, आणि ओझें कोणा एकाच्या पाठीवर पडूं दिलें नाहीं.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांचीं माणसें पाण्यांत व दरडींखालीं गेलीं, त्यांच्या घरीं तूं वस्तीस राहा. जे चिखलांत उतरून आमच्यासाठीं राबतात, त्यांचे हात व पाय सांभाळ, आणि त्यांचा मान राखण्यास आम्हांस शिकव. आमच्या मानेवरचें जूं तूं काढिलेंस; तें आम्हीं दुसऱ्याच्या मानेवर ठेवूं नये असें कर. आमच्या ताठ माना वांकव, आमच्या हातीं फावडें दे, आणि मोडलेल्या वाटा नीट करणाऱ्यांत आमची गणना कर. प्रभु येशु ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.